दूध संस्थेसाठी २४ व्होल्टचा लिथियम पॅक: १६ सेल जोड्या लावून एका बीएमएसवर, की दोन माळा दोन बीएमएसवर?

दूधगंगाकाठ
रविवार, रात्री ९:१२

मंडळी, सल्ला हवाय आणि थोडी घाई पण आहे, कारण पावसाळा लांब नाही.

आमच्या गावच्या दूध संस्थेचं संकलन सकाळी साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला सुरू होतं. फॅट मशीन, इलेक्ट्रॉनिक काटा, कॉम्प्युटर, पावतीचा प्रिंटर, दोन ट्यूब, एक पंखा. सगळं मोजून ४०० वॅटच्या आत बसतं. लाईट गेली म्हणून म्हशी थांबत नाहीत. माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी राहतात, आणि फॅट लागली नाही की दर लागत नाही.

सध्या २४ व्होल्टचा इन्व्हर्टर आणि त्यावर १५० एएचच्या (अँपिअर-अवरच्या) दोन ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत, सिरीजमध्ये. आता तासाभरात मान टाकतात. २०१९ च्या ऑगस्टात पाणी आलं तेव्हा त्या वेळच्या बॅटऱ्या वरच्या खोलीत न्यायला चार माणसं लागली आणि ॲसिड सांडून एकाचा पाय भाजला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच कसरत. तेव्हाच ठरवलं होतं, पुढची बॅटरी उचलता येईल अशी करायची.

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, त्यामुळे पट्ट्या कापणं, भोकं पाडणं, पेटी बनवणं याची अडचण नाही. १६ सेल घेतलेत, लिथियम आयर्न फॉस्फेट, ३.२ व्होल्ट १०० एएच, निळ्या वेष्टनातले चौकोनी. प्रश्न जोडणीचा आहे. दोन-दोन सेल पॅरलल करून आठ जोड्या सिरीजमध्ये लावू, म्हणजे एकच बीएमएस (सेलची राखण करणारा बोर्ड) पुरेल? की आठ-आठ सेल सिरीजमध्ये लावून दोन माळा करून प्रत्येकीला वेगळा बीएमएस देऊ?

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. एक बीएमएस माझ्या हातून गेलाय. आठ सेलची माळ लावून बघितली, नऊ बारीक वायरींचा कनेक्टर खोचला, टच्‌ असा आवाज झाला आणि बोर्डातून धूर. नंतर बघितलं तर तिसरी आणि चौथी वायर अदलाबदल झालेली. पट्ट्या बरोबर, सेल बरोबर. दोन बारीक वायरींनी अख्खा बोर्ड कसा जातो ते मला अजून उमगलेलं नाही.


कळंबेकर
रविवार, रात्री १०:३५

आधी तुमच्या जळालेल्या बोर्डाबद्दल. मी सोलर बसवण्याचं काम करते आणि सगळ्यात जास्त बोर्ड याच चुकीनं गेलेले बघितलेत.

बीएमएसमधली चिप प्रत्येक सेल दोन शेजारच्या पिनांमध्ये मोजते. तिची अपेक्षा एवढीच की दर दोन पिनांत साडेतीन व्होल्टच्या आसपास असावं, आणि पुढची पिन मागचीपेक्षा वर असावी. तुमचे सेल ३.३ वर होते असं धरू. मायनसची वायर शून्य धरून मोजलं तर तिसऱ्या वायरीवर ९.९ यायला हवे होते, चौथीवर १३.२. ती अदलाबदल झाली म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेत ६.६ व्होल्ट, तिसऱ्या-चौथीत उलटे ३.३, आणि चौथी-पाचवीत पुन्हा ६.६. उलट्या दिशेचं व्होल्टेज चिपला सोसत नाही. बारीक वायर असली तरी तिच्यामागे १०० एएचचा सेल उभा आहे, करंट द्यायला तो मागेपुढे बघत नाही.

पुढच्या वेळी कनेक्टर बोर्डात खोचायच्या आधी असं करा. मीटर डीसीवर, काळी प्रोब त्या शून्याच्या वायरीवर, म्हणजे माळेच्या मायनसवर. लाल प्रोब एकेका पिनेवर सरकवत जा. ३.३ चा पाढा म्हटल्यासारखे आकडे यायला हवेत: ३.३, ६.६, ९.९, १३.२, असं करत २६.४ पर्यंत. पाढा चुकला की थांबायचं. तुमच्या वेळी ६.६ नंतर १३.२ आणि मग ९.९ आलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे.

क्रमही पाळा. आधी जाड बी-मायनसची (बॅटरीच्या मायनसची) वायर बोर्डाला, मग कनेक्टर. काढताना आधी कनेक्टर. आणि वायरींच्या रंगावर भरवसा ठेवू नका. एका बोर्डाबरोबर आलेली वायर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डाला बसते, पण क्रम तोच असेल असं नाही.

मूळ प्रश्नावर उद्या सविस्तर लिहिते. माझं मत दोन माळांच्या बाजूनं आहे.


वायरमनकाका
सोमवार, सकाळी ६:५०

मी उलट सांगतो, मग तुम्ही ठरवा. माझ्या घरी दोन-दोनच्या जोड्या लावून आठ सिरीज, असाच पॅक आहे आणि तक्रार नाही. फायदे बघा. बोर्ड एक, सेटिंग एक, मोबाईलमध्ये बघायला एकच पान. जोडीतले दोन सेल एकमेकांना आपोआप सांभाळून घेतात, कारण दोघांवरचं व्होल्टेज एकच. एखादा सेल ९७ एएचचा आणि दुसरा १०१ चा निघाला तरी जोडी १९८ ची, जोड्या जुळवून सगळे गट सारखे करता येतात.

फक्त जोडीतले दोन्ही सेल एकाच वेळचे, एकाच चार्जवरचे हवेत. एक ३.६० वर आणि दुसरा ३.३० वर असताना पट्टी टेकवली तर मध्ये अडवणारं काहीच नाही. या सेलचा आतला रेझिस्टन्स अर्ध्या मिलिओहमच्याही आत असतो. दोन सेल आणि पट्टी मिळून एक मिलिओहम धरा, ०.३ व्होल्ट भागिले ०.००१ म्हणजे ३०० अँपिअर. क्षणभरच, पण पट्टी जिथं टेकली तिथं खड्डा पडतो. मी हातातला पाना असाच एकदा चिकटलेला बघितलाय. तेव्हापासून पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळल्याशिवाय बॅटरीजवळ जात नाही, आणि हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवतो.


ईबाईक_इचल
सोमवार, सकाळी ९:०५

मी इचलकरंजीत सायकल-स्कूटरचे पॅक दुरुस्त करतो. आमच्याकडे गोल सेल, १३ सिरीज ४ पॅरलल वगैरे. तिथं पॅरलल आधी हाच रिवाज, कारण ५२ सेलना चार बीएमएस कोण लावणार. पण आमचा एक सेल अडीच-तीन एएचचा. एक बिघडला तर शेजारचे तीन त्याच्यात किती ओतणार त्याला मर्यादा आहे, आणि चांगल्या पॅकमध्ये प्रत्येक सेलला बारीक फ्यूज वायर असते, ती तुटून तो सेल बाजूला पडतो. तुमच्या १०० एएचच्या चौकोनी सेलला अशी वायर नसते. थेट जाड पट्टी. आत शॉर्ट झाला तर जोडीदार आपली सगळी ३२० वॅट-अवर त्याच्यात ओतेल आणि बीएमएसला बाहेरून काहीच अडवता येणार नाही, कारण ती वाट त्याच्यातून जातच नाही.

धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: आमचे बरेचसे सेल निकेल-मँगनीज-कोबाल्टचे, त्यांचं फुल ४.२ व्होल्ट. १३ सेलचा चार्जर ५४.६ चा. फॉस्फेटचं फुल ३.६५, १६ सेलला ५८.४. दोन्हीला लोक "४८ व्होल्ट" म्हणतात आणि चार्जर अदलाबदल करतात. ४.२ च्या सेलसाठी बनवलेला बीएमएस फॉस्फेटला लावला तर तो ओव्हरचार्ज कधीच पकडणार नाही.

पट्टीचीही गोष्ट. निकेल म्हणून विकलेली पट्टी कधी कधी निकेल चढवलेलं लोखंड असते. कानशीनं घासून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला तर लोखंड.


कळंबेकर
सोमवार, रात्री ९:४८

आता सविस्तर.

काकांचा पॅक चालतोय यात शंका नाही, आणि जोडीतले सेल एकमेकांना सांभाळतात हेही खरं. पण बीएमएसला दिसतं काय? आठ आकडे. सोळा सेलचे आठ आकडे. जोडीतला एक सेल थकला तर तो आकडा लवकर खाली येईल, एवढंच कळेल. कोण थकला ते कळायला पट्टी सोडवून दोन्ही वेगळे मोजावे लागतील. त्याहून वाईट म्हणजे जोडीतल्या एका सेलची पट्टी ढिली झाली तर आकडा जवळजवळ तसाच राहतो. दुसरा सेल एकटा दुप्पट करंट ओढत असतो आणि पडद्यावर सगळं आलबेल. राखण करणाऱ्याला जे दिसतच नाही, त्याची राखण तो करणार कशी?

दोन माळांत सोळाच्या सोळा सेल दिसतात. शिवाय तुमच्या कामाला दोन गोष्टी जास्त लागू आहेत. एक, संकलनाच्या वेळी एका माळेचा बीएमएस तुटला, म्हणजे त्यानं माळ बंद केली, तरी दुसरी चालू राहते, रांग थांबत नाही. दोन, वजन. हा सेल साधारण दोन किलोचा. आठ सेल सोळा किलो, पेटी आणि पट्ट्या धरून वीस-बावीस. एका माणसानं जिना चढून नेण्यासारखं. सोळाचा एकच पॅक केला तर पुन्हा दोन-तीन माणसं आली.

हिशेबही बसतो. ३.२ गुणिले १०० गुणिले १६ म्हणजे ५१२० वॅट-अवर. त्यातले ८० टक्के वापरायचे ठरवले तर सुमारे ४१००, इन्व्हर्टरची घट काढून साडेतीन हजारांच्या आसपास हातात. तुमचं संकलन दोन्ही वेळचं मिळून चार तास, ४०० वॅटनं १६००. म्हणजे दोन दिवस निघतात.

दोन माळा करताना तीन गोष्टींवर मी अडून बसते.

बीएमएस असा घ्या की एकट्या माळेला पूर्ण भार झेपेल. दुसरी तुटली की सगळा भार पहिलीवर येणार. २ केव्हीएचा इन्व्हर्टर पूर्ण भरला तर २४ व्होल्टला ७०-७५ अँपिअर ओढतो, म्हणून प्रत्येकी १०० अँपिअरचा. भाराची वाटणी होईल म्हणून ५०-५० चे दोन घेऊ नका.

दोन्ही माळांपासून कॉमन पट्टीपर्यंतच्या केबल सारख्या लांबीच्या ठेवा, २५ चौरस मिमी तांबं, भले एका माळेची केबल गुंडाळून ठेवावी लागली तरी. एवढ्या कमी रेझिस्टन्सच्या खेळात अर्धा मीटर केबलसुद्धा वाटणी बिघडवते.

आणि माळा एकमेकींना जोडताना दोन्ही फुल चार्ज करून मगच जोडा. एक २७.२ वर आणि दुसरी २६.० वर असताना जोडली तर १.२ व्होल्टचा फरक. दोन्ही माळांचे सेल, सांधे, बोर्ड, केबल मिळून १५ मिलिओहम धरले तरी ८० अँपिअर एकीतून दुसरीत धावतील. मधल्या टप्प्यात व्होल्टेज जुळवण्यात अर्थ नाही, कारण फॉस्फेटचा आलेख तिथं सपाट असतो. २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत सेल फार तर दहाव्या भागाइतका व्होल्ट हलतो. मीटरवर दोन्ही २६.३ दिसतील आणि एक निम्मी असेल, दुसरी पाऊण.


वायरमनकाका
मंगळवार, सकाळी ७:१०

ताई, ढिल्या पट्टीचा मुद्दा पटला. माझ्या जोड्यांचे नट आज संध्याकाळी तपासतो. बोर्ड लागेल म्हणून जोड्या केल्या होत्या, पैसे वाचवायला. आज नवीन करायचा असता तर दोन माळाच केल्या असत्या.


दूधगंगाकाठ
मंगळवार, रात्री ८:३०

ठरलं. दोन माळा. वीस किलोचा मुद्दा मी संस्थेच्या बैठकीत मांडला आणि चेअरमननी लगेच होकार दिला. पुरात बॅटरी उचलणाऱ्यांत ते स्वतः होते.

पुढचा प्रश्न. सेल आले तेव्हा सगळे ३.२९ होते, मीटरवर शेवटचा आकडाही सारखा. म्हणजे बॅलन्स, सारखे चार्ज झालेले, आहेतच ना? तसेच माळेत लावले तर चालेल? बीएमएस नंतर बॅलन्स करतोच की.


कळंबेकर
मंगळवार, रात्री १०:१५

३.२९ वर सगळे सारखे दिसणं म्हणजे पाण्याच्या टाक्यांवर वरून नुसती नजर टाकून सगळ्या सारख्या भरल्यात म्हणण्यासारखं आहे. सपाट आलेखाच्या त्या भागात १० एएचचा फरकसुद्धा मीटरवर दिसत नाही. फरक दिसतो तो अगदी शेवटी, ३.४५ च्या वर, जिथं व्होल्टेज एकदम उभं चढतं. एक सेल ३.६५ ला पोचून बीएमएस तुटतो तेव्हा शेजारचा ३.३५ वर असतो.

बीएमएस बॅलन्स करतो, पण किती? साध्या बोर्डात रेझिस्टरमधून ५० मिलिअँपिअरच्या आसपास जाळतात. ५ एएचचा फरक भागिले ०.०५ म्हणजे १०० तास. आणि ते बॅलन्सिंग सेल वरच्या टोकाला असतानाच करायचं असतं, दिवसाला जेमतेम अर्धा-पाऊण तास. महिने जातील. ॲक्टिव्ह बॅलन्सरचा बोर्ड, एक अँपिअरचा, तेच काम पाच तासांत करतो. तुमचा एक बोर्ड गेलाच आहे, तर आता दोन्ही ॲक्टिव्हवालेच घ्या. बॅलन्सिंग ३.४० च्या वरच सुरू होईल असं सेटिंग करा. सपाट भागात बॅलन्सर चालू ठेवला तर तो खऱ्या फरकाऐवजी मीटरच्या चुकीमागे धावतो आणि बरोबर असलेलं बिघडवतो.

तरीही सुरुवातीला एकदा टॉप बॅलन्स, म्हणजे सगळे सेल फुल चार्जला सारखे करणं, हातानंच करा. आठ सेल सिरीजमध्ये बीएमएससकट लावून चार्ज करा, पहिला सेल ३.६० ला गेला की थांबा. दुसऱ्या आठांचंही तसंच. मग सगळं सोडवून सोळाच्या सोळा पॅरलल करा आणि बेंच पॉवर सप्लायवर ३.६५ व्होल्टला लावा. सरळ पॅरललपासून सुरुवात केली तर १६०० एएचची एक बॅटरी १० अँपिअरनं भरत बसाल, चार-पाच दिवस.

सप्लायचं व्होल्टेज सेल जोडण्याआधी ठरवा, मीटरनं बघा, मग जोडा. जोडल्यावर नॉबला हात नाही. काय होतं सांगते. सप्लाय ३.६५ दाखवतो, सेलवर ३.४४ असतात, करंट कमी दिसतो. माणूस वैतागून व्होल्टेज ४ वर नेतो आणि जेवायला जातो. फरक बारीक वायरींमध्ये पडत असतो. सेल भरत आले की करंट उतरतो, तो फरक नाहीसा होतो आणि पूर्ण ४ व्होल्ट सेलवर येतात. सेल फुगतो. फुगलेला सेल पुन्हा खाली बसत नाही. वायर जाड लावा आणि वाट बघा.


शिरोळकर
बुधवार, दुपारी १:२०

फ्यूजबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या माहितीतल्या एकानं साधा एसीचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) लावला होता, घरातल्या डीबीतला. डीसीचा करंट शून्यातून जात नाही, म्हणून आर्कला (तोडताना पेटणाऱ्या ठिणगीला) एसीसारखी सेकंदाला शंभरदा विझायची संधी मिळत नाही. तो एमसीबी बंद केल्यावर आतच पेटत राहिला.


ईबाईक_इचल
बुधवार, दुपारी २:०५

बरोबर. आणि ब्रेकिंग कपॅसिटी, म्हणजे किती करंट तोडता येतो, ते बघा. आठ सेलच्या माळेचा शॉर्ट सर्किट करंट काढा: २६ व्होल्ट भागिले ५ मिलिओहम, ५००० अँपिअर. दोन माळा मिळून दहा हजारांच्या घरात. दहा केएच्या (दहा हजार अँपिअरच्या) खालचा एमसीबी डीसीचा असला तरी तिथं कमी पडतो. डीसी रेटिंगचा एचआरसी (मोठा करंट तोडणारा) फ्यूज, १२५ अँपिअर, प्रत्येक माळेला स्वतंत्र, प्लसच्या टर्मिनलपासून जवळात जवळ. काचेचा किंवा गाडीतला पातीचा फ्यूज नको.

बीएमएस आहेच की, फ्यूज कशाला, असं मला रोज कोणीतरी विचारतं. बीएमएस मॉसफेटवर (करंट तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) चालतो आणि मॉसफेट बिघडला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच बिघडतो. म्हणजे ज्या दिवशी त्यानं तोडायला हवं त्याच दिवशी तो तारेसारखा सरळ झालेला असतो. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्या, मग गाड्यांच्या पॅकसाठीचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं, पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. त्यात एक सेल पेटला तर बाकीच्यांपर्यंत आग कशी जाते याची चाचणी आली. घरच्या पॅकला ते लागू नाही, पण सेलमध्ये फट, मध्ये इन्सुलेशनची शीट आणि जागेवर फ्यूज, एवढं आपण आपलं पाळू शकतो.


कळंबेकर
बुधवार, रात्री ९:३०

शीटचं वेगळं सांगते, कारण लोक तीच विसरतात. या चौकोनी सेलचं ॲल्युमिनियमचं कवच तटस्थ नसतं, बऱ्याच सेलमध्ये ते आतून प्लसशी कमी-जास्त जोडलेलं असतं. निळं वेष्टन कागदाइतकं पातळ. धातूचा एक बारीक कण अडकला, पेटी जिन्यावरून नेताना हलली आणि वेष्टन फाटलं की दोन शेजारी सेलची कवचं टेकली. तुम्ही लेथवर काम करता, तेव्हा पट्ट्या घरी आणण्याआधी हवेनं फुंकून, पुसून घ्या. सेलमध्ये इपॉक्सीची एक मिमीची शीट, बाहेरून दोन पाट्या आणि चार रॉड. घट्ट बसतील एवढंच आवळा.

आणि कोरं तांबं ॲल्युमिनियमच्या टर्मिनलवर ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ते दोन धातू एकत्र आले की सांधा पांढरा पडतो. पट्ट्यांवर निकेल किंवा कथील चढवून घ्या, टर्मिनल बारीक पॉलिश पेपरनं घासा आणि लगेच, त्याच बैठकीत जोडा.

इन्व्हर्टर कोणता आहे? त्यात लिथियमचा पर्याय नसेल तर ट्यूब्युलरवर ठेवू नका. त्या सेटिंगला २८.८ आणि कधी कधी त्याच्याही वर जातं. एसएमएफचा (सीलबंद लेड-ॲसिडचा) पर्याय बहुधा कमी व्होल्टेजला थांबतो, पण छापलेल्या माहितीवर न जाता मीटर लावून बघा. २७.६ ते २८, म्हणजे सेलला ३.४५ ते ३.५०, एवढं पुरतं.


शिरोळकर
बुधवार, रात्री १०:०२

पुराबद्दल एक कळकळीचं सांगणं. पॅक एकदा पाण्यात बुडाला तर वाळवून परत लावू नका. बाहेरून कोरडा दिसतो. बोर्डावर गाळ राहतो आणि दमट हवेत करंट झिरपत राहतो. घराबाहेर, मोकळ्यावर, काही पेटण्यासारखं जवळ नाही अशा ठिकाणी ठेवा आणि चार्जिंगला लावू नका. २०१९ नंतर आमच्याकडे बुडालेले इन्व्हर्टर उन्हात वाळवून लोकांनी पुन्हा सुरू केले होते. ते लेड-ॲसिडवर निभावलं, लिथियमवर निभावणार नाही. वरच्या खोलीत न्यायची तयारी आधीच ठेवा, पाणी रस्त्यावर यायच्या आत. काळम्मावाडी धरणातून विसर्ग वाढला की बातमी येतेच.


दूधगंगाकाठ
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:४५

पॅक चालू झाला. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

टॉप बॅलन्सला सव्वा दिवस लागला. नॉबला हात लावला नाही. बारीक वायरींचा पाढा दोन्ही माळांना तीन-तीनदा म्हटला, माझ्या मुलीनं आकडे वहीत लिहिले. दोन्ही बोर्ड पहिल्या झटक्यात सुरू झाले.

अडचण आली ती इन्व्हर्टर जोडताना. केबल टेकवली की ठिणगी आणि बीएमएस शॉर्ट सर्किट दाखवून बंद. इन्व्हर्टरचे कपॅसिटर रिकामे असतात, ते भरताना क्षणभर शॉर्टसारखेच दिसतात, हे दोन रात्री शोधल्यावर कळलं. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब मध्ये सिरीजला लावला, पाच सेकंद थांबलो, मग केबल जोडली. ना ठिणगी, ना काही. आता तो बल्ब आणि एक स्विच पेटीतच कायमचा बसवलाय.

दुसरी गोष्ट मला ताईंना दाखवायची आहे. दुसऱ्या माळेत सहावा सेल मोबाईलवर वेगळा वागत होता. संकलन चालू असताना बाकीचे ३.२८, हा ३.२६. भार नसला की सारखा. चार्ज होताना मात्र हाच सगळ्यांच्या वर. सेल खराब निघाला असं धरून मी दुकानात फोन पण लावला होता.


कळंबेकर
रविवार, रात्री ९:२०

थांबा, सेल परत करू नका. भाराखाली खाली, चार्जिंगला वर आणि नुसता ठेवला की सारखा, हे रेझिस्टन्सचं लक्षण आहे. रेझिस्टन्स सेलच्या आत असेल किंवा सांध्यात. बारीक वायर कुठं जोडली आहे? पट्टीवरच्या लगला (वायरीच्या टोकाच्या कड्याला) असेल तर सांध्यात पडणारा व्होल्टेजही बोर्ड सेलच्या नावावर लिहितो. भार चालू ठेवून मीटरची एक प्रोब टर्मिनलच्या खांबावर आणि दुसरी त्याच खांबावरच्या पट्टीवर ठेवा. मिलिव्होल्टवर. चांगल्या सांध्यात एखादा आकडा दिसेल, फार तर.


दूधगंगाकाठ
सोमवार, सकाळी ८:१५

ताई, २१ मिलिव्होल्ट. शेजारच्या सांध्यात शून्य पॉइंट काहीतरी. त्या वेळी माळेतून ९ अँपिअर चालू होते, म्हणजे एका सांध्यात दोन मिलिओहमच्या वर, सेलच्या स्वतःच्या रेझिस्टन्सच्या कितीतरी पट. भार बंद केला, नट काढला. पट्टीच्या भोकाच्या कडेला माझ्याच ड्रिलची बारीक बुर (धातूची उचललेली कड) राहिली होती, त्यामुळे पट्टी एका बाजूनं उचललेली. कानशीनं काढली, टर्मिनल घासलं, परत लावली. आज सकाळच्या संकलनात सहावा बाकीच्यांबरोबर, ३.२८.

७० अँपिअरला हाच सांधा दहा वॅट तापला असता. हा सेल जोडीत असता तर हे दिसलंच नसतं, हे आता मला नीट कळलं.


वायरमनकाका
सोमवार, सकाळी ९:४०

मी पण मिलिव्होल्ट मोजले. माझ्या सोळा सेलमध्ये दोन सांधे असेच निघाले. तीन वर्षं पडद्यावर सगळं सारखं होतं. पुढच्या महिन्यात दुसरा बोर्ड घेऊन पॅक फोडतो आणि दोन माळा करतो.


तालमीतला
सोमवार, दुपारी ३:३०

सगळा धागा वाचला, लई कामाचा हाय. माझा प्रश्न जरा वेगळा. आमच्या तालमीच्या इन्व्हर्टरला ४८ व्होल्ट लागतंय. बाजारात १२.८ व्होल्टचे तयार लिथियम डबे मिळतात, आत बीएमएस बसवलेले. तसले चार सिरीजला लावले तर भागंल का?


कळंबेकर
सोमवार, संध्याकाळी ७:०५

दादा, डब्यावर किंवा त्याच्या कागदावर "चार सिरीजपर्यंत चालेल" असं बनवणाऱ्यानं स्पष्ट लिहिलं असेल तरच. कारण असं, की चारपैकी एका डब्याचा बीएमएस तुटला की भाराच्या वाटेनं जवळजवळ सगळे ५१ व्होल्ट त्या एका बोर्डाच्या मॉसफेटवर येतात. बोर्ड १२ व्होल्टसाठी बनवलेला असेल तर त्याचे मॉसफेट ३०-४० व्होल्टचे असू शकतात, आणि ते शॉर्ट होतात. पुढं त्या डब्याला तोडणारं कोणी उरत नाही. शिवाय चार बोर्ड एकमेकांशी बोलत नाहीत, एक डबा मागं पडला तर त्याला बाकीच्यांच्या बरोबरीला आणणारं काही नाही, वेगळा बॅलन्सर लावावा लागतो. तालमीसाठी १६ सेलची एक माळ आणि तिच्यावर १६ चा एकच बीएमएस हेच सरळ पडेल.


दूधगंगाकाठ
सोमवार, संध्याकाळी ७:५०

तालमीतल्या भावा, शनिवारी सकाळी साडेसातनंतर संस्थेत या, संकलन संपलेलं असतं. पेटी उघडून दाखवतो. येताना स्वतःचा मीटर आणा, माझ्या मीटरच्या प्रोबची टोकं बोथट झालीत, मिलिव्होल्टला नीट टेकत नाहीत.